काचकांडीची ओवी

८ नोव्हेंबर १९३७, सोमवार. बेळगाव.

दिवाळीला माझ्या थोरल्या भावानं, रवळूअण्णानं विचारलं, काय आणू? मी म्हटलं, वही. त्याला वाटलं अभ्यासाला. अभ्यासाच्या वह्या चार आहेत आणि त्यातलं अक्षर डोक्यात राहत नाही, म्हणून ही पाचवी. हिच्यात मी फक्त खरं लिहिणार आहे.

पहिलं खरं हे, की गेल्या वर्षी मी नर्सिंगच्या परीक्षेत नापास झाले. लेखीत नाही, तोंडीत. मुंबईहून आलेल्या परीक्षकबाईंनी विचारलं, ‘नाडी कुठे मोजाल?’ शेंबडं पोरही सांगेल. माझा हात माझ्याच मनगटावर होता, तरी तोंडातून शब्द फुटेना. शेवटी बाई म्हणाल्या, ‘बसा.’ मी उभीच राहिले. तेवढंही जमलं नाही.

आता दुसरी खेप, आणि इथं दोनदाच बसता येतं. ३ डिसेंबरला परीक्षा. पास झाले तर याच इस्पितळात नेमणूक. नापास झाले तर कणकुंबीकडच्या आमच्या गावी परत, आणि तिथं मारुतीराव आहेत. बिजवर, तीन मुलं, मिशीवर लिंबू ठेवावं असा थाट. माणूस वाईट नाही असं अण्णा म्हणतो. मी तरी कुठं वाईट म्हणते? पण मला मारुतीराव नको, मला वॉर्ड नंबर दोन हवा. लिहून टाकलं, बरं वाटलं.

११ नोव्हेंबर, गुरुवार

बेड सातवर नवी पेशंट आली आहे. पद्मावती आक्का, निपाणीच्या बाजूच्या, जैन, घरची तंबाखूची शेती. मांडीला नारळाएवढं गळू झालं होतं, डॉक्टरांनी काल कापलं. पण कापायच्या आधी आक्कांनीच डॉक्टरांना अटी घातल्या. ‘दिवस मावळला की पानी न्हाय. दिवस उगवून दोन घटका झाल्याबिगर पानी न्हाय. गाळून उकळल्याबिगर तर कवाच न्हाय. एवढं जमत आसंल तर कापा.’

उकळण्यावर इतका जोर आमच्या मनुबाई सिस्टरांखेरीज मी कुणाचा पाहिला नव्हता. सिस्टर आमच्या वॉर्डच्या मुख्य. त्यांना सगळं उकळलेलं लागतं. आम्हा मुलींनाही उकळून काढलं असतं तर त्यांचं समाधान झालं असतं. दोघी एकमेकींकडे बघून अशा काही हसल्या की जुनी ओळख असावी.

आक्कांच्या उशाशी पितळी तांब्या असतो. दिवस मावळताना त्या त्याच्या तोंडावर पांढरं फडकं बांधतात, दोन गाठी मारून. सकाळी दोन घटका झाल्या की सोडतात. तीस वर्षांत एकदाही चुकलं नाही म्हणे. काल ऑपरेशननंतर जीभ कोरडी पडून टाळ्याला चिकटत होती, तरी नाही. मी ओल्या कापसानं नुसते ओठ पुसू का विचारलं तर डोळे वटारले.

१४ नोव्हेंबर, रविवार

सिस्टरनी मला सलग चौथ्या दिवशी बेड सातची पट्टी दिली. सगळ्यांत मोठी जखम, सगळ्यांत किचकट पट्टी. वर दहा प्रश्न. अवजारं किती मिनिटं उकळायची? वीस. कधीपासून मोजायची? पाणी उकळायला लागल्यापासून. चिमटा कुठं ठेवला? हातात आहे, सिस्टर. हातात का? मला वाटतं त्यांनी मला नापास करायचं ठरवूनच टाकलंय. तारामती माझ्याबरोबरच परीक्षेला आहे, तिला टॉन्सिलची पोरं दिलीत, ती नुसती आइस्क्रीम खाऊ घालते.

आक्कांनी मच्छरदाणी काढायला लावली. ‘आत आडकून मरत्यात बिचारी.’ हातावर डास बसला की पदरानं अलगद हाकलतात, ‘जा रं बाबा, माझ्यात काय न्हाय.’ तो जातो आणि पुन्हा येतो. बेड आठवरची मालुबाई खडेबाजारात भाजी विकते, पाय मोडून पडली आहे. ती हे बघून पोट धरून हसते. ‘आक्का, त्यो लेकरावानी सगळं पिऊन आंगडंटोपडं घालून जानार बघा!’

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

आज एक गंमत झाली. दुपारी खिडकीत बसून पुटपुटत होते, ‘नाडी मोजताना अंगठा वापरू नये, कारण, कारण…’ आक्का म्हणाल्या, ‘जये, दळताना ओव्या म्हनतीस का न्हाय?’

‘म्हनते की. आईच्या सगळ्या येतात.’

‘त्या कवा पाठ केल्यास?’

केल्याच नव्हत्या. दळता दळता आल्या. ‘मग ह्ये बी दळ की,’ आक्का म्हणाल्या. आणि आम्ही तिघींनी, मी, आक्का आणि मालुबाईनं, पहिली रचली:

पहिली माझी ओवी, मनगटाच्या नाडीला
अंगठा नको लावू, त्याची स्वतःची नाडी त्याला

संध्याकाळपर्यंत तीन झाल्या.

दुसरी माझी ओवी, श्वास मोजावा चोरून
मनगट हाती धरून, डोळा पोटाशी ठेवून

कारण श्वास मोजतोय असं सांगितलं की माणूस नीट श्वासच घेत नाही. मालुबाईवर करून बघितलं. ती ‘मोज मोज’ म्हणत पाहुणी बसावी तशी श्वास घ्यायला लागली, मिनिटाला नऊ.

तिसरी माझी ओवी, काचकांडी जिभेखाली
गार पाणी प्यालं कुणी, खोटी साक्ष तिनं दिली

काचकांडी म्हणजे थर्मामीटर. वॉर्डात तिला हेच नाव आहे. गार किंवा गरम काही प्यायलं असेल तर पंधरा मिनिटं थांबून मग लावायची, हे गेल्या वर्षी सात वेळा लिहून काढलं होतं तरी विसरले होते. आज एकदा म्हटलं आणि बसलं.

मी मुळात ढच. हे ओव्यांचं डोकं आक्कांचं.

२३ नोव्हेंबर, मंगळवार

सिस्टरनी सांगितलं: परीक्षेला मला बेड सात. सकाळी सातला, कारण परीक्षकबाईंना दुपारची गाडी गाठायची आहे. पंचवीस मिनिटं. ताप, नाडी, श्वास मोजून तक्ता लिहायचा, मग पट्टी. पट्टीला सगळ्यांत जास्त गुण. म्हणाल्या, ‘जखम स्वच्छ आहे, तशीच राहिली पाहिजे. कापलेल्या पेशंटला मागाहून ताप चढला, तर पहिला जाब नर्सच्या हातांना विचारतात.’

मी वॉर्डात येऊन ते जसंच्या तसं आक्कांना सांगितलं, सिस्टरांचा आवाज काढून. मालुबाई हसली. आक्का हसल्या नाहीत. माझा हात हातात घेऊन उलटासुलटा बघितला आणि म्हणाल्या, ‘ह्या हाताला कोन काय इच्यारतंय बघू.’

चौथी ओवी झाली, ताप एक डिग्री चढला की नाडीचे दहा ठोके वाढतात त्याची:

चौथी माझी ओवी, ताप एक पायरी चढे
नाडीबाई धावते, दहा पावलं पुढे

२९ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी सहाला आक्कांचा ताप ९८.४, नाडी ७६. नऊच्या सुमाराला आले तर दोन घोंगड्या घेऊन गठडी वळून पडलेल्या. दात वाजत होते. ‘थंडी पडाय लागली की गं बेळगावात,’ म्हणाल्या. पडलीच आहे म्हणा. मी खिडकी लावली. दुपारी चादर चिंब. ‘तांब्या लवंडला.’ बदलली. संध्याकाळी सहाला पुन्हा ९८.४. जखम छान भरते आहे, गुलाबी. माझ्या हातांना कोणी जाब विचारणार नाही.

३० नोव्हेंबर, मंगळवार

आक्का आज ठणठणीत. मालुबाईशी कन्नडमध्ये बराच वेळ खलबत चाललं होतं. मालुबाईला बाजारापुरतं कन्नड येतं, मला त्याहून कमी. मी गेले की दोघी गप्प. बायकांची बोलणी, असेल काही.

१ डिसेंबर, बुधवार

लेखी झाली! बरी गेली! बिछान्यात पडून राहणाऱ्याला पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून काय कराल? दर दोन तासांनी कूस बदलणे, पाठ कोरडी ठेवणे, स्पिरिट चोळणे, चादरीला सुरकुती नको. लिहिताना मला समोर मालुबाईची पाठच दिसत होती.

दुपारी वॉर्डात आले तर आक्कांची चादर पुन्हा दोरीवर वाळत. म्हटलं, पुन्हा तांब्या? ‘म्हातारा हात, थरथरतोय,’ म्हणाल्या. चेहरा उतरलेला, पण डोळे माझ्यावर. ‘लिवलंस का समदं?’ मी सगळे प्रश्न सांगितले. त्या प्रत्येकाला ‘व्हय, व्हय’ करत होत्या, जशी काही परीक्षा त्यांचीच. तक्त्यावर सकाळी ९८.४, संध्याकाळी ९८.४.

२ डिसेंबर, गुरुवार

उद्या. जेवण जात नाही.

आक्का आज पुन्हा बऱ्या. पण सारखं काहीबाही विचारत होत्या. ‘जये, ती तिसरी ओवी. पंध्रा मिनिटंच का गं? मग कांडी खरं बोलाय लागती व्हय?’ मी म्हटलं हो. ‘आन् नुसतं तोंडात धरलं, गिळलं न्हाय, तर?’ मी म्हटलं, तरी खोटंच दाखवणार, जीभ गार झाली की झालं. मला इतकं कौतुक वाटलं. या वयात ही जिज्ञासा! मला असती तर गेल्या वर्षीच पास झाले असते.

संध्याकाळी त्यांचा मुलगा सुकुमार आला, डाळिंबं घेऊन. त्यालाही तोच सूर. ‘सुकुमारा, दोन घटका व्हायच्या आदी तोंडात नुसतं पानी घेतलं, गिळलंच न्हाय, तर व्रत मोडतं काय रं?’

‘तोंडात गेलं म्हंजे गेलंच की आव्वा. कशापायी इच्यारतीस?’

‘उगं.’

म्हातारीला माझ्या परीक्षेपेक्षा व्रताची काळजी जास्त, आणि ते बरोबरच आहे. जाताना मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘भिऊ नगं. मी हाय.’

३ डिसेंबर, शुक्रवार

सगळं क्रमानं लिहिते. आनंद झालाय की राग आलाय ते लिहिता लिहिता कळेल.

सातला पाच कमी असताना परीक्षकबाई आल्या. त्याच, गेल्या वर्षीच्या. बरोबर मनुबाई सिस्टर, चेहरा इस्तरीचा. बाईंनी घड्याळ टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, ‘सुरू करा.’ आक्का ताठ पडलेल्या, ओठ गच्च मिटलेले. मालुबाई छताकडे बघत होती. एरवी ती कधी छताकडे बघत नाही, तिथं बघण्यासारखं काही नाही.

थर्मामीटर झटकला, पारा पंच्याण्णवच्या खाली आणला, जिभेखाली ठेवला. तीन मिनिटं. ९७.६. थोडा कमीच, पण पहाटे असतो असा. छान. नाडीला दोन बोटं लावली.

एकशे अठरा.

पुन्हा मोजली. एकशे वीस. मनगट तसंच धरून पोटाकडे बघितलं, श्वास सव्वीस. पारा खाली आणि नाडी वर, म्हणजे आत कुठंतरी रक्त जात असलं तर असं होतं, हे पुस्तकात ठळक अक्षरात आहे. झटकन पांघरूण काढून पट्टी बघितली. कोरडी. खालची चादर कोरडी. रक्त गेलेलं माणूस गार पडतं, पांढरं पडतं, घामेजतं. आक्कांचं मनगट तव्यावरून आत्ताच उतरवलेल्या भाकरीसारखं तापलेलं, गाल लाल.

मग नाडी खोटी, की कांडी? नाडी तर मी दोनदा मोजली, आणि अंगठा लावला नव्हता. मनात चौथी ओवी सुरू झाली. नेहमीची ७६, आजची १२०. चार पायऱ्यांहून जास्त. म्हणजे ताप एकशेदोनच्या वर पाहिजे. आणि चौथीच्या मागून तिसरी आपोआप आली.

मी उशाशी बघितलं. तांब्याच्या तोंडावर फडकं नव्हतं. ते बाजूला पडलं होतं, ओलं, गाठी सोडलेल्या. बाहेर ऊन कौलावर नुकतं आलं होतं. दोन घटका व्हायला अजून बराच वेळ होता.

‘आक्का, पानी प्यालासा?’

मान हलली, नाही.

‘तोंडात धरलासा?’

काखेत लावावी म्हणून मी हात उचलायला गेले, तर आक्कांनी हात अंगाशी असा दाबून धरला की पैलवानाला सुटला नसता. आणि बेड आठवरून मालुबाई रडवेल्या आवाजात म्हणाली, ‘दोन डाव धरलं! मी सांगनार न्हवते!’

परीक्षकबाई म्हणाल्या, ‘काय चाललंय?’

मी म्हटलं, ‘बाई, हा आकडा मला लिहिता येणार नाही. पेशंटनं गार पाणी तोंडात घेतलंय. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा बघते.’

‘पंधरा मिनिटांत तुमची वेळ संपेल. पट्टी राहील. गुण माहीत आहेत ना?’

‘माहीत आहेत. राहू दे पट्टी.’

तेव्हा आक्का उठून बसल्या. अंग तापानं फणफणतंय, आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात, ‘लिही की गं अठ्ठ्यान्नव! कोन बघतंय! ताप आला म्हनतील तर तुज्या हातावर घालतील न्हवं!’

कोण बघतंय? परीक्षक आणि सिस्टर पायाशी उभ्या!

आणि मला सगळं एकदम कळलं. सोमवारची घोंगडी, बुधवारची चादर, आज शुक्रवार. माझ्यावर जाब येऊ नये म्हणून ही बाई दिवसाआड तापानं फणफणत गप्प पडून होती. माझ्यासाठी तिनं तीस वर्षांच्या गाठी सोडल्या होत्या. मी जन्मात कुणावर इतकी चिडले नाही आणि कुणाबद्दल मला इतकी माया आली नाही. मी ओरडलेच. ‘आक्का, तुमचा ताप दडवून मला पास व्हायचं न्हाय! त्यापरास मारुतीराव बरा!’

परीक्षकबाईंनी सिस्टरना विचारलं, ‘मारुतीराव कोण?’ सिस्टर म्हणाल्या, ‘मला कल्पना नाही.’

मग बाईंनी स्टूल ओढलं. ‘पंधरा मिनिटं आहेत. तोंडी आत्ताच घेऊ. नाडी कुठे मोजाल?’

तोच प्रश्न. पण या वेळी मी रागात होते, आणि रागात माणसाला भ्यायला फुरसत नसते. मनगट, कानशील, मान, जांघ, गुडघ्यामागे, घोट्याशी, पावलावर, धडाधड सांगितलं. अंगठा का नको? तोंडातून पहिली ओवीच बाहेर पडली, चालीसकट. थांबवायला गेले तर बाई म्हणाल्या, ‘पुढं?’ पुढं दुसरी. मग तिसरी. चौथीला मालुबाईनं सूर लावला आणि सिस्टरनी तिच्याकडे बघितलं तरी ती थांबली नाही. ताप कशाचा वाटतो, विचारलं. मी म्हटलं, रोग ठरवणं डॉक्टरांचं काम, मी पाहिलेलं तेवढं सांगते: आधी हुडहुडी, मग ताप, मग घाम; सोमवार, बुधवार, आज; मधले दिवस बऱ्या; जखम गुलाबी, कोरडी.

पंधरा मिनिटं झाली. आक्कांनी स्वतःच तोंड उघडलं, डोळे मिटून. १०३.२. मी तक्त्यावर लिहिलं. कपाळावर ओली घडी ठेवली, डॉक्टरांना बोलावणं पाठवलं. बाईंनी घड्याळ खिशात घातलं, कागदावर काहीतरी लिहिलं, आणि ‘बसा’ न म्हणता निघून गेल्या. पट्टी तशीच राहिली.

नापास झाले असणार. तरी इतकं हलकं का वाटतंय?

४ डिसेंबर, शनिवार

हिवताप! डॉक्टरांनी डाव्या बरगडीखाली पाणथरी दाबून बघितली, बोटाचं रक्त काचेवर घेतलं, आणि सांगितलं, जखमेचा काही संबंध नाही, डासाचा प्रताप. कोयनेलच्या गोळ्या सुरू. आक्कांनी पहिला प्रश्न विचारला, ‘म्हंजे पोरीच्या हातानं न्हाय?’ डॉक्टर म्हणाले, ‘पोरीच्या हातानं तुमची जखम भरली. तापाचा पाहुणा तुम्हीच जेवायला घातलात.’ मालुबाई म्हणाली, ‘आंगडंटोपडं घालून गेला, म्हनलं न्हवतं!’

मच्छरदाणी पुन्हा लागली. एका अटीवर: रोज सकाळी मी आत अडकलेला प्रत्येक डास वाटीखाली धरून बाहेर सोडायचा. हे कुठल्याही पुस्तकात नाही, पण मी कबूल केलं.

९ डिसेंबर, गुरुवार

ताप गेला. कोयनेलच्या कडूपणावर आक्कांचं मत लिहिण्यासारखं नाही.

मी आज विचारलं, ‘व्रत मोडलंत. आता?’ म्हणाल्या, एक दिवस निर्जळी करीन, मग फिटलं. डॉक्टरनी बजावलंय, कोयनेल संपून अंगात ताकद येईपर्यंत उपास नाही. गुरुवारी सोळा तारखेला परवानगी दिली. मी म्हटलं, ‘माझ्यासाठी मोडलंत, तर अर्धं माझं. मीपन करनार.’ ‘तुला झेपायचं न्हाय, तू घटक्याघटक्याला खातीस,’ म्हणाल्या. खरं आहे. तरी करणार.

१६ डिसेंबर, गुरुवार

उपास. सकाळी काही नाही वाटलं. दुपारी मालुबाईनं थालीपीठ खाल्लं तेव्हा वाटलं. चारला मला सगळा वॉर्ड जिलबीसारखा दिसायला लागला. आक्का मात्र शांत, माळ ओढत. मी दर दोन तासांनी त्यांची नाडी बघत होते, त्या माझी. ‘तुजीच जास्त पळती,’ म्हणाल्या.

दिवस मावळला आणि दारात रवळूअण्णा उभा. खांद्यावर घोंगडं, हातात खडेबाजारातला पेढ्यांचा पुडा. सिस्टरनी त्याला कार्ड टाकून बोलावून घेतलं होतं, मला न सांगता. तो काही बोलायच्या आत सिस्टर आल्या, हातात लिफाफा. मी उठले, बसले, पुन्हा उठले.

‘पास,’ सिस्टर म्हणाल्या. तारामतीसुद्धा पास. पुढं वाचलं, ‘प्रात्यक्षिकात पट्टी अपूर्ण. निरीक्षण उत्कृष्ट. त्या चार ओव्या उमेदवाराने स्वच्छ अक्षरात लिहून माझ्याकडे पाठवाव्यात.’ वाचताना सिस्टरांचा आवाज बसला होता. थंडी फार पडली आहे. मी म्हटलं, सिस्टर, तुम्हाला मी नापास व्हायला हवं होतं असं मला वाटायचं. त्या म्हणाल्या, ‘म्हणून बेड सात दिला होता का?’ आणि तरातरा निघून गेल्या. याचा अर्थ काय ते मला अजून नीट कळलेलं नाही.

अण्णाला विचारलं, निकाल कळायच्या आधीच पेढे आणलास?

‘नापास झालीस आस्तीस तरी खायाचंच हुतं की. घरीच न्हेत हुतो न्हवं.’

‘आन् मारुतीराव?’

अण्णा घोंगडं चाचपत म्हणाला, ‘त्येचं दिवाळीतच जमलं गं. खानापुराकडली हाय. तुला सांगितलं न्हाय, म्हंजे आब्यास करशील.’

मी त्याला घोंगड्यासकट बदडलं. साऱ्या वॉर्डानं बघितलं. मग मी रडले, मग तो रडला, मग मालुबाईनं ‘पेढं कुनी वाटायचं का न्हाय’ म्हणून ओरडून दोघांना गप्प केलं.

पण वाटायचे कसे? दिवस मावळला होता. आक्का उपाशी, मी उपाशी. अण्णा म्हणाला बाकीच्यांनी खावे. मालुबाईनं पुड्याकडे बघितलं, आक्कांकडे बघितलं, मोठा उसासा टाकला. ‘ठेवा. सकाळी खाऊ समद्या मिळून.’ मग तारामतीही नको म्हणाली. पुडा आक्कांच्या उशाशी तांब्याशेजारी ठेवला. फडक्याला त्यांनी दोन गाठी मारल्या.

१७ डिसेंबर, शुक्रवार

सूर्य उगवायच्या आधी सगळा वॉर्ड जागा. अण्णा व्हरांड्यात झोपला होता, त्यालाही आत घेतलं. उजाडल्यावर आक्कांनी विचारलं, ‘दोन घटका म्हंजे तुज्या घड्याळाची किती?’

‘अठ्ठेचाळीस मिनिटं.’

‘मोज.’

इतकी लांब अठ्ठेचाळीस मिनिटं मी पाहिली नाहीत. वेळ जाईना म्हणून आक्कांनी पाचवी ओवी रचली, पूर्ण स्वतःची. त्या चारींबरोबर हीही मुंबईला पाठवायचा त्यांचा हुकूम आहे.

पाचवी माझी ओवी, डास बसे हातावर
मारू नको त्याला बाई, जाळी बांध खाटेवर

मालुबाई म्हणाली, पुढच्या साली समद्या पोरी ह्येच शिकतील बघा. चाळीस मिनिटं झाली तेव्हा तिनं पुड्याची दोरी सोडून ठेवली. आज आक्का घरी जाणार, सुकुमार गाडी जोडून आलाय, तोही पेढ्यावर डोळा ठेवून उभा.

अठ्ठेचाळीस. आक्कांनी फडक्याच्या गाठी सोडल्या आणि तांब्या उचलला. मी त्यांचा हात धरला.

‘थांबा. आदी काचकांडी.’

‘आत्ता गं?’

‘पानी प्यायच्या आदी. तिसरी ओवी.’

त्यांनी हसत तोंड उघडलं. तीन मिनिटं पंधरा माणसं पेढ्यांभोवती उभी. मी थर्मामीटर काढून उजेडाकडे धरला.

‘किती?’ आक्का म्हणाल्या.

‘अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.’

‘मग आता तरी लिवतीस का न्हाय?’

लिहिलं.